फ्लॅग १ दिसतो, नोंद मात्र जुनीच: कर्नलमधली मेमरीची क्रमवारी आणि लॉक

प्रश्न थोडक्यात असा. लिनक्सच्या एका ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट हँडलर (यंत्राने खूण केली की चालू काम थांबवून चालणारं फंक्शन) यंत्राकडून आलेली नोंद एका स्ट्रक्चरमध्ये भरतो आणि मग 'तयार' हा फ्लॅग १ करतो. एक कर्नल थ्रेड तो फ्लॅग बघत असतो. १ दिसला की नोंद उचलतो आणि फ्लॅग पुन्हा ० करतो. एक्स८६ वर हे बिनतक्रार चालतं. आर्म६४ बोर्डावर मधूनच फ्लॅग १ दिसतो, पण नोंद आधीची किंवा अर्धवट मिळते. फ्लॅगला व्होलाटाइल (हे चल दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कम्पायलरला सांगणारा सी भाषेतला शब्द) लावून फरक पडला नाही. स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत मागणारा जागीच फिरत राहतो असा लॉक) लावला तर मशीन केव्हातरी गोठतं. मग बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या व्यवहारांचा क्रम राखणारी सूचना, नेमका कुठे टाकायचा?

आधी थेट उत्तर. व्होलाटाइल काढून टाका. हँडलरमध्ये फ्लॅग १ करताना एसएमपी_स्टोअर_रिलीज वापरा आणि थ्रेडमध्ये तो वाचताना एसएमपी_लोड_अक्वायर (रिलीज आणि अक्वायर यांचा नेमका अर्थ पुढे येतो). थ्रेड फ्लॅग ० करतो तिथेही रिलीज हवा आणि हँडलर तो ० बघतो तिथे अक्वायर. हा परतीचा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात. मशीन गोठण्याचं कारण वेगळं आहे: इंटरप्टमध्ये घेतला जाणारा लॉक तुम्ही थ्रेडमध्ये इंटरप्ट चालू ठेवून घेतलात. तिथे लॉक घेताना त्या कोअरचे इंटरप्टही बंद करणारा स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह लागतो. यातला कुठलाही एक उपाय पुरेसा आहे, दोन्ही एकत्र लागत नाहीत. कुठला निवडायचा, हे कारणं कळल्यावर ठरवता येईल.

क्रम बिघडवणारे दोघे असतात आणि त्यांना वेगवेगळं आवरावं लागतं. पहिला कम्पायलर. एका थ्रेडपुरता निकाल बदलत नसेल तर तो लोड (मेमरीतून वाचणं) आणि स्टोअर (मेमरीत लिहिणं) पुढेमागे करतो, दोन वाचनांचं एक करतो, एका वाचनाची दोन करतो. 'तयार ० असेपर्यंत फिरत राहा' असा साधा लूप लिहिला आणि आत फ्लॅग बदलणारं काही नसलं, तर तो फ्लॅग एकदाच रजिस्टरमध्ये वाचून लूप कायमचा फिरवू शकतो. उलट टोकाला, एखादा पॉइंटर स्थानिक चलात घेऊन नल आहे का ते तपासलं आणि मग वापरला, तर रजिस्टर कमी पडल्यावर कम्पायलर तो मूळ जागेवरून पुन्हा वाचू शकतो, आणि तोवर तिथे नल आलेला असू शकतो. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांचं मूल्य दोन तुकड्यांत लिहिलं जातं, ते तर उघडच आहे. हे शेवटचं सोडून बाकी सगळं रीड_वन्स आणि राइट_वन्स थांबवतात.

दुसरा प्रोसेसर. कम्पायलरने सूचना अगदी तुमच्या क्रमाने लिहिल्या तरी एका कोअरचे स्टोअर दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतीलच असं नाही. व्होलाटाइल इथे हात टेकतं, कारण ते फक्त कम्पायलरशी बोलतं. रीड_वन्सचंही तसंच आहे: तेवढं एक वाचन नीट होतं, पण त्याच्या शेजारच्या दुसऱ्या चलाच्या वाचनाशी क्रम जुळवून मिळत नाही. अपवाद फक्त अवलंबित्वाचा. वाचलेल्या पॉइंटरमधूनच पुढचं वाचन होत असेल तर हार्डवेअर तो क्रम राखतं. जुना अल्फा प्रोसेसर तेवढंही राखत नसे. म्हणून लिनक्स ४.१५ पासून अल्फासाठी लागणारा बॅरियर रीड_वन्सच्या पोटातच घातला आहे आणि बाकीच्यांना त्याचा विचार करावा लागत नाही.

तुमचा कोड एक्स८६ वर का चालला? एक्स८६ वर स्टोअर-स्टोअर, लोड-लोड आणि लोड-स्टोअर हे तिन्ही क्रम टिकतात. फक्त आधीचा स्टोअर आणि नंतरचा लोड यांचा क्रम उलटू शकतो, कारण स्टोअर काही काळ कोअरच्या स्टोअर बफरमध्येच पडून असतो. तुमच्या रचनेला हवे ते क्रम पहिल्या तिनांत मोडतात. आर्म६४ वर अवलंबित्व नसेल तर चारही उलटू शकतात. म्हणजे तुमचा कोड आर्मवर बिघडला नाही. तो पहिल्यापासून चुकीचा होता आणि एक्स८६ त्याला सांभाळून घेत होतं. एक्स८६ वरसुद्धा कम्पायलरची पुढची आवृत्ती तोच क्रम उलटवू शकली असती.

आता दुरुस्ती. मूळ बिघाड असा दिसतो:

हँडलर: नोंद भर; तयार = १.
थ्रेड: तयार वाच, १ मिळाला, नोंद वाच, जुनी मिळाली.

हे दोन कारणांनी होतं. एक, हँडलरच्या बाजूला 'तयार' हा स्टोअर नोंदीच्या स्टोअरच्या आधी दिसू लागला. दोन, थ्रेडच्या कोअरने अंदाजाने नोंदीचा लोड आधीच उरकून घेतला आणि फ्लॅग नंतर वाचला. म्हणून एका बाजूला बॅरियर टाकून भागत नाही. 'मी डब्ल्यूएमबी (स्टोअरांचा आपसातला क्रम राखणारा बॅरियर) टाकला तरी बिघाड होतोच' अशी तक्रार येते तेव्हा समोरच्या बाजूला जोडीदारच नसतो. कुठलाही बॅरियर लिहिण्याआधी तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कुठले दोन व्यवहार मला क्रमाने हवेत, समोर तो क्रम कोण बघतं, आणि त्या बाजूचा जोडीदार बॅरियर कुठल्या ओळीत आहे. तिसऱ्याचं उत्तर कोडमधल्या टिप्पणीत लिहा, दोन्ही जागी, समोरच्या फंक्शनच्या नावासकट. चेकपॅच ही कर्नलचा कोड तपासणारी स्क्रिप्टही टिप्पणीशिवायच्या बॅरियरवर बोट ठेवते.

'थ्रेडमध्ये इफ आहे ना, फ्लॅग १ असेल तरच नोंद वाचतो' हा युक्तिवाद लोड-लोडसाठी चालत नाही. प्रोसेसर इफचा निकाल लागण्याआधी पुढचे लोड अंदाजाने करून मोकळा होतो. अट पाळून स्टोअर केला तर मात्र लोड आणि स्टोअर यांचा क्रम टिकतो, कारण अंदाजाने केलेला स्टोअर बाहेर सोडता येत नाही. त्यातही इफ आणि एल्स या दोन्ही फांद्यांत तोच स्टोअर असेल तर कम्पायलर तो वर ओढून अटीबाहेर काढतो आणि अवलंबित्व नाहीसं होतं. अशा नियंत्रण-अवलंबित्वावर विसंबून कोड लिहिण्यापेक्षा अक्वायर वापरणं बरं.

रिलीज म्हणजे माझ्या आधीचे सगळे लोड आणि स्टोअर या स्टोअरच्या आधी पूर्ण. अक्वायर म्हणजे माझ्या नंतरचं काहीही या लोडच्या आधी सरकणार नाही. आर्म६४ वर त्यांच्या एसटीएलआर आणि एलडीएआर या सूचना होतात. एक्स८६ वर साधा मूव्ह आणि कम्पायलरला आवर, बस. जुन्या पद्धतीने एसएमपी_डब्ल्यूएमबी आणि एसएमपी_आरएमबी लिहिले तर आर्म६४ वर डीएमबी आयएसएचएसटी आणि डीएमबी आयएसएचएलडी होतात आणि तुमच्या पहिल्या अर्ध्या भागाला तेही पुरतात. परतीच्या भागाला मात्र पुरत नाहीत.

परतीचा भाग असा. थ्रेड नोंद वाचतो, मग फ्लॅग ० करतो. हँडलरला ० दिसलं की तो त्याच जागेत नवी नोंद भरतो. थ्रेडचं वाचन त्याच्या स्वतःच्या 'तयार = ०' या स्टोअरनंतर घडलं, तर तो नवी नोंद, किंवा अर्धी नवी आणि अर्धी जुनी, उचलेल. इथे लोड आणि त्यानंतरचा स्टोअर यांचा क्रम हवा. डब्ल्यूएमबी फक्त स्टोअर-स्टोअर सांभाळतो, आरएमबी फक्त लोड-लोड. दोघांपैकी कुणीच इथे कामाला येत नाही. रिलीज येतो. तुम्हाला 'अर्धवट' नोंद मिळते, हे लक्षण बहुधा याच भागाचं आहे.

एका फ्लॅगऐवजी रिंग (शेवट आला की पुन्हा सुरुवातीला वळणारी नोंदींची रांग) केली तर हेच तत्त्व हेड (पुढची नोंद भरायची जागा) आणि टेल (पुढची उचलायची जागा) यांना लागतं, आणि खरं तर तुम्ही तेच करावं, कारण एकच जागा असली की थ्रेड उशिरा आला की नोंद हरवते. रिंगचा आकार दोनच्या घातात ठेवा, म्हणजे भागाकाराऐवजी मास्क लावता येतो. भरलेली आणि रिकामी रिंग वेगळी ओळखता यावी म्हणून एक जागा रिकामी सोडा. हेड फक्त हँडलर बदलतो, टेल फक्त थ्रेड. हँडलर टेल अक्वायरने वाचतो, जागा असेल तर नोंद भरतो, हेड रिलीजने पुढे नेतो. थ्रेड हेड अक्वायरने वाचतो, नोंद कॉपी करतो, टेल रिलीजने पुढे नेतो. स्वतःचा निर्देशांक वाचायला काहीच लागत नाही, तो आपल्याशिवाय कुणी बदलत नाही. हेड आणि टेल वेगवेगळ्या कॅशलाइनवर, म्हणजे कॅशच्या वेगवेगळ्या ओळींवर ठेवा. एकाच ६४ बाइटांत दोन्ही राहिले तर निकाल बरोबर येतो, पण ती ओळ दोन कोअरांमध्ये सतत ये-जा करते.

ही लॉकविरहित रिंग एकच भरणारा आणि एकच उपसणारा असेपर्यंतच खरी. एकाच इंटरप्टचा हँडलर एका वेळी दोन कोअरांवर चालत नाही, याची हमी कर्नल देतो. पण यंत्राला अनेक रांगा आणि प्रत्येकीला वेगळा इंटरप्ट असेल, आणि ते सगळे एकाच रिंगमध्ये भरत असतील, तर भरणारे अनेक झाले. मग भरणाऱ्यांमध्ये लॉक घाला किंवा प्रत्येक रांगेला वेगळी रिंग द्या. कम्पेअर-एक्स्चेंजची (मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलणाऱ्या सूचनेची) घरगुती रचना करू नका.

अक्वायर-रिलीजला न जमणारा एक प्रसंग याच ड्रायव्हरमध्ये दडलेला आहे. थ्रेड सतत फिरत राहण्याऐवजी झोपत असेल, तर तो आधी 'मी झोपतोय' असं लिहितो आणि मग फ्लॅग वाचतो. हँडलर आधी फ्लॅग लिहितो आणि मग 'कुणी झोपलंय का' ते वाचतो. दोन्हीकडे स्टोअर आणि त्यानंतर वेगळ्या जागेचा लोड. हाच तो चौथा क्रम, जो एक्स८६ वरही उलटतो. दोघांनाही जुनं मूल्य दिसलं तर थ्रेड झोपतो, हँडलर त्याला उठवत नाही आणि पुढचा इंटरप्ट येईपर्यंत सगळं ठप्प. इथे दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरियर लागतो, एसएमपी_एमबी.

स्वतः लिहायची गरज सहसा पडत नाही. सेट_करंट_स्टेटमध्ये पूर्ण बॅरियर आहे, वेक_अप_प्रोसेसमध्येही स्थिती बघण्याआधी तो आहे. अट मात्र ही की सेट_करंट_स्टेट फ्लॅग तपासण्याच्या आधी यायला हवं. 'फ्लॅग ० आहे, मग स्थिती बदलू आणि शेड्यूल करू' असा उलटा क्रम लिहिला तर कुठलाही बॅरियर वाचवणार नाही. वेट_इव्हेंट वापरलंत तर हा क्रम मॅक्रोच सांभाळतो. दुसरा सापळा: वेळ वाचवण्यासाठी हँडलरमध्ये आधी वेटक्यू_ॲक्टिव्ह तपासून मगच वेक_अप करणं. वेटक्यू_ॲक्टिव्ह हे साधं वाचन आहे, त्यात बॅरियर नाही. त्याऐवजी डब्ल्यूक्यू_हॅज_स्लीपर वापरा. त्यात एसएमपी_एमबी आहे. किंवा तपासणी काढून थेट वेक_अप करा. बहुतेक ड्रायव्हरांत ती बचत मोजण्याइतकी नसते.

आता गोठण्याकडे. थ्रेडने कोअर २ वर साधा स्पिन_लॉक घेतला. इंटरप्ट चालूच आहेत. त्याच कोअरवर तुमच्या यंत्राचा इंटरप्ट आला. हँडलर तोच लॉक मागतो आणि फिरत बसतो. लॉक सोडायला थ्रेड चालला पाहिजे आणि थ्रेड चालायला हँडलर संपला पाहिजे. इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर आला असता तर हँडलर क्षणभर थांबून पुढे गेला असता, म्हणून हे 'केव्हातरी' होतं.

नियम सोपा आहे, पण तो लॉकपरत्वे लागतो, फंक्शनपरत्वे नाही: हा लॉक कुठल्याही हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये घेतला जात असेल, तर त्याला घेणाऱ्या बाकी प्रत्येक ठिकाणी त्या कोअरचे इंटरप्ट बंद हवेत. एक जागा विसरली की पुरे. हँडलरच्या आत साधा स्पिन_लॉक चालतो, कारण तिथे इंटरप्ट आधीच बंद असतात. मात्र तोच लॉक दोन वेगवेगळ्या इंटरप्टांत घेतला तरी चालतो तो याच कारणाने, हे ध्यानात असू द्या. लॉक फक्त सॉफ्टआयआरक्यूमध्ये (हार्ड इंटरप्टनंतर उरलेलं काम करणाऱ्या टप्प्यात) जात असेल, म्हणजे टायमर, टास्कलेट किंवा नॅपी या नेटवर्क यंत्रणेचं पोल फंक्शन, तर थ्रेडच्या बाजूला स्पिन_लॉक_बीएच पुरतो.

स्पिन_लॉक_आयआरक्यू आणि स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह यांत गल्लत नको. पहिल्याचा अनलॉक इंटरप्ट बिनशर्त चालू करतो. कुणी बाहेर इंटरप्ट बंद करून तुमचं फंक्शन बोलावलं असेल, तर तुम्ही त्याच्या नकळत ते चालू करून परताल, आणि गोठलेलं मशीन दुसऱ्याच कुणाच्या लॉकमध्ये सापडेल. आपल्याला कोण बोलावतं याची पक्की खात्री नसेल तर सेव्ह आणि रिस्टोअरच वापरा.

स्पिनलॉक हातात असताना झोपायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. झोप कुठून येते ते माहीत नसतं. जीएफपी_कर्नलने मेमरी मागणं, म्यूटेक्स (वाट बघताना झोपवणारा लॉक) घेणं, कॉपी_टू_यूजर, एमस्लीप, आणि अनेक बसवरचं रजिस्टर वाचन: आय२सीवरच्या यंत्राशी बोलणं म्हणजे झोपणं. कॉपी_टू_यूजर विशेष फसवं आहे, कारण पान मेमरीत हजर असलं की ते मुकाट चालतं. नोंद आधी स्थानिक बफरमध्ये घ्या, लॉक सोडा, मग यूजरकडे पाठवा.

ड्रायव्हर काढून टाकताना येणारा डेडलॉक याच घराण्यातला. डिसेबल_आयआरक्यू आणि फ्री_आयआरक्यू चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतात, कॅन्सल_वर्क_सिंक चालू असलेलं काम संपेपर्यंत. हँडलर किंवा ते काम जो लॉक मागतं तो धरून तुम्ही हे बोलावलंत तर दोघं एकमेकांची वाट बघत राहतात. नावात 'सिंक' दिसलं की हातात काय आहे ते मोजा.

तुमच्या जागी असतो तर हँडलरच दोन भागांत तोडता येतो का, ते आधी बघितलं असतं. रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यूने हार्ड भागात फक्त यंत्राचा इंटरप्ट शांत करायचा आणि नोंद भरण्याचं काम थ्रेडच्या भागात करायचं. मग दोन्ही बाजू झोपू शकणाऱ्या संदर्भात येतात, म्यूटेक्स चालतो आणि वरचा अर्धा मजकूर गैरलागू होतो. नोंदी सेकंदाला काही शे येत असतील तर याहून जास्त काही करण्यात अर्थ नाही.

प्रीएम्प्ट_आरटीचा, म्हणजे कर्नलच्या रिअल-टाइम प्रकाराचा विचारही यात येतो, ६.१२ पासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे. तिथे साधा स्पिनलॉक झोपू शकणारा लॉक होतो, आयआरक्यूसेव्हवाला प्रकार इंटरप्ट खरोखर बंद करत नाही, आणि बहुतेक हँडलर थ्रेडमध्ये चालतात. नेहमीच्या जोड्या नीट लिहिल्या असतील तर कोड तसाच चालतो. मोडतो तो 'लोकल_आयआरक्यू_डिसेबल केलं, आता आत साधा स्पिनलॉक घेतो' असा कोड. खरोखर न झोपणारा लॉक हवा तिथे रॉ_स्पिनलॉक असतो, पण तो ड्रायव्हरांनी सहज उचलायची वस्तू नाही.

लॉक घेतला की बॅरियर लागत नाही, हे खरं. पण तोच लॉक घेणाऱ्यांपुरतंच. लॉक अक्वायरसारखा आणि अनलॉक रिलीजसारखा वागतो, म्हणजे आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं मात्र आत येऊ शकतं. लॉकआधी अ = १, मग लॉक आणि अनलॉक, मग ब = १ असं लिहिलं, तर लॉक न घेता बघणाऱ्याला ब आधी आणि अ नंतर दिसू शकतो. लॉक घ्यायला महाग म्हणून बाहेरूनच फ्लॅगवर नजर टाकायची आणि गरज वाटली तरच लॉक घ्यायचा, ही युक्ती सगळीकडे दिसते. ती चालते, जर बाहेरचं वाचन रीड_वन्सने होत असेल, लिहिणारा राइट_वन्स वापरत असेल, आणि लॉक घेतल्यावर फ्लॅग पुन्हा तपासला जात असेल. बाहेरच्या वाचनावर विसंबून लॉक न घेताच नोंद वाचली की आपण पुन्हा पहिल्या बिघाडाशी आलो.

अटॉमिक (मधेच न तुटता एका दमात घडणाऱ्या) फंक्शनांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: अटॉमिक म्हणजे क्रमवार. तसं नाही. मूल्य परत न करणारी, जशी अटॉमिक_इंक किंवा सेट_बिट, क्रमाची कुठलीच हमी देत नाहीत. मूल्य परत करणारी, जशी अटॉमिक_इंक_रिटर्न किंवा टेस्ट_अँड_सेट_बिट, दोन्ही बाजूंना पूर्ण क्रम देतात. कम्पेअर-एक्स्चेंज यशस्वी झाला तर पूर्ण क्रम, फसला तर काहीच नाही. अटॉमिक_रीड आणि अटॉमिक_सेट ही नावं अटॉमिक असली तरी साधी वाचणं-लिहिणंच आहेत. तेव्हा 'तयार' फ्लॅग बिट म्हणून ठेवून सेट_बिटने लावलात तर बिघाड तसाच राहील. आधी एसएमपी_एमबी__बिफोर_अटॉमिक लागेल. बिटाचाच लॉक करायचा असेल तर टेस्ट_अँड_सेट_बिट_लॉक आणि क्लिअर_बिट_अनलॉक ही जोडी आहे. ऑब्जेक्टच्या संदर्भमोजणीला ४.११ पासून रेफकाउंट_टी आहे. शेवटचा संदर्भ सोडताना लागणारा क्रम त्यात आधीच बसवलेला आहे.

यंत्र स्वतः डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, मेमरीत लिहीत असेल तर समोरचा 'वाचक' कोअर नसून यंत्र असतं, आणि नावात एसएमपी असलेले बॅरियर तिथे चालत नाहीत. एका प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये ते निव्वळ कम्पायलर बॅरियर होतात. डिस्क्रिप्टर (कामाचा तपशील असलेली नोंद) यंत्राला देताना पत्ता आणि लांबी भरा, डीएमए_डब्ल्यूएमबी, मग मालकीचा बिट, मग राइटएलने (यंत्राच्या रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनने) घंटी. राइटएल आधीच्या मेमरी-स्टोअरशी क्रम स्वतः राखतो. राइटएल_रिलॅक्स्ड राखत नाही, आणि 'वेगासाठी' तो बदल करणाऱ्यांनी इथेच दगा खाल्लेला असतो. परत घेताना मालकीचा बिट वाचा, डीएमए_आरएमबी, मग बाकीची क्षेत्रं. पीसीआयवर रजिस्टरला केलेला स्टोअर वाटेत रेंगाळू शकतो. हँडलर परतण्याआधी इंटरप्ट खरोखर उतरला पाहिजे असेल तर त्याच यंत्राचं एखादं रजिस्टर वाचून तो पुढे ढकलावा लागतो. नाहीतर तोच इंटरप्ट पुन्हा आल्यासारखा दिसतो.

वाचणारे खूप आणि बदल क्वचित अशी यादी असेल तर आरसीयू, ज्यात वाचणाऱ्यांना लॉक घ्यावा लागत नाही. लहानसा आकड्यांचा गठ्ठा सुसंगत वाचायचा असेल तर सीक्वेन्स काउंटर (मधे बदल झाला तर पुन्हा वाचायला लावणारा मोजक), पण त्यात पॉइंटर ठेवून त्यामागे जायचं नाही, कारण वाचणारा 'पुन्हा वाच' हे कळण्याआधीच मोकळ्या केलेल्या मेमरीत पोहोचतो. तुमच्या प्रश्नाला दोन्ही लागत नाहीत.

तपासणी कशी करायची. असे बिघाड प्रिंटके टाकून शोधू नका; त्याच्या आतल्या लॉकमुळे आणि वेळ बदलल्यामुळे लक्षण पळून जातं. तीन साधनं तीन वेगळी कामं करतात.

मेमरीच्या क्रमासाठी कर्नलच्या टूल्स/मेमरी-मॉडेल या फोल्डरमध्ये ४.१७ पासून औपचारिक मॉडेल आहे. दोन बाजूंच्या चार-चार ओळी लिटमस चाचणी (क्रम तपासायचा छोटा नमुना) म्हणून लिहायच्या, 'फ्लॅग १ आणि नोंद ०' ही अट शेवटी द्यायची आणि हर्ड७ हे सगळ्या शक्यता पडताळणारं साधन चालवायचं. उत्तर 'नेव्हर' आलं तर क्रम पक्का, 'समटाइम्स' आलं तर कुठल्यातरी प्रोसेसरवर तो उलटू शकतो. आधी तुमचा मूळ कोड चालवून 'समटाइम्स' येतं का बघा, मग रिलीज आणि अक्वायर घाला. मग दोघांपैकी एकच काढून बघा. जोडीचा मुद्दा तिथे दिसतो. बोर्डावर दिवसभर ताण देऊन काही सापडलं नाही, ही गोष्ट त्या एका चिपबद्दल थोडंफार सांगते, कोडबद्दल नाही.

डेटा रेससाठी (एकाच जागेला दोघांनी एकाच वेळी बेबंद हात लावणं, त्यात निदान एक लिहिणारा) केसीसॅन, ५.८ पासून. तो एखाद्या व्यवहारावर पाळत ठेवून थोडा थांबतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कोअरने त्याच जागेला हात लावला का ते बघतो. तक्रार आली की घाईने डेटा_रेस मॅक्रो गुंडाळून ती गप्प करू नका. तो मॅक्रो जिथे चुकीचं मूल्य आलं तरी बिघडत नाही, अशा आकडेवारीसारख्या जागांसाठी आहे.

लॉकसाठी लॉकडेप, म्हणजे कॉन्फिगमध्ये प्रूव्ह_लॉकिंग, सोबत डीबग_अटॉमिक_स्लीप. लॉकडेपची खुबी ही की डेडलॉक प्रत्यक्ष घडावा लागत नाही. एका वाटेने अ मग ब, दुसऱ्या वाटेने कधीतरी ब मग अ, एवढं त्याला दिसलं की तो बोलतो. तुमच्या गोठण्याचंही तसंच: हा लॉक एकदा हँडलरमध्ये आणि एकदा इंटरप्ट चालू असताना घेतला, एवढं पाहून तो 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट' असा अहवाल छापतो, मशीन सुखरूप असताना. पण जी वाट चाललीच नाही ती त्याला दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर चढवणं, उतरवणं, त्रुटीची वाट आणि सस्पेंड हे सगळं त्याच्यासमोर एकदा तरी चालवा. आणि पहिल्या तक्रारीनंतर तो स्वतःला बंद करतो. लॉगमध्ये आधीच दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरची तक्रार येऊन गेली असेल तर त्यानंतरच्या शांततेला किंमत नाही. ती दूर करून मशीन पुन्हा सुरू करा, मगच तुमची चाचणी घ्या.